पूजेला बसवलेला गेटवे

औसा
११ ऑक्टोबर २०२५

चि. योगिनीस,
अनेक आशीर्वाद.

फोन केला नाही. कारण तुला ठाऊक आहे. फोनवर मला अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं मी मनाने भरते, मग भलतंच होऊन बसतं. मोबाईलवर लिहावं तर तो असतो पुतण्याच्या हातात. त्यापेक्षा पोस्ट बरं.

मोनिका इथे आली आहे. दसरा झाला आणि दोन-तीन दिवसांत सकाळच्या बसने एक पिशवी घेऊन दारात उभी. रजा साठली होती म्हणते. नर्सला दसरा-दिवाळीत रजा मिळत नाही, हे मागच्या वर्षी तिनेच मला सुनावलं होतं. आल्यापासून तिने माळा झाडला, डबे घासले, माझ्या सगळ्या चादरी धुतल्या. फोन वाजला की उलटा करून ठेवते. शेजारच्या अंबूबाईने विचारलं, काय गं, लग्नबिग्न ठरलं का, तर हसून आत गेली आणि जेवायलाच बाहेर आली.

मी तीस वर्षं शाळेत काढली. एखादं लेकरू अचानक फार शहाण्यासारखं वागायला लागलं की काहीतरी झालेलं असतं.

माझी लेक तुझ्या, म्हणजे सख्ख्या मावशीच्या घरात राहते, तुझ्याच हॉस्पिटलात काम करते. "ताई, माझ्याकडे राहील, तुम्ही काळजी सोडा," हे तूच म्हणाली होतीस. मग एक ओळ कशी लिहिली नाहीस? काय झालं ते सरळ लिही. गोड करून लिहू नकोस.

तुझी,
विजयश्रीताई

•

मोशी
१६ ऑक्टोबर २०२५

ती. ताईस नमस्कार.

मोनिकाने तुम्हाला सांगितलं असेल असं मी धरून चालले होते. तिने सांगितलेलं नाही, म्हणून आता मी सांगते.

तिला चौकशी होईपर्यंत कामावरून दूर ठेवलं आहे. काढलेलं नाही, हा फरक लक्षात घ्या.

खंडेनवमीच्या दुपारी ती अतिदक्षता विभागात परिचारिकांच्या टेबलापाशी होती. शेवटच्या खोलीत कोंडाजी नावाचे एक वृद्ध गृहस्थ होते, मोशी गावठाणातले. त्यांच्या हृदयाचे ठोके बिघडले. टेबलावरच्या पडद्याने तेव्हा ओरडायला हवं होतं. मोनिका म्हणते, पडदा ओरडला नाही. खोलीतलं यंत्र ओरडत होतं, पण त्या खोलीचं काचेचं दार संसर्गासाठी बंद असतं. कोंडाजींच्या पत्नी गोजाबाई भेटायच्या वेळेला आत गेल्या आणि धावत बाहेर आल्या. मोनिकानेच मग छाती दाबून त्यांना परत आणलं. ते वाचले. पण डाव्या हातात अजून जोर नाही आणि बोलणं जड झालं आहे.

इथे माझं काम येतं, म्हणून थोडं समजावते. प्रत्येक खाटेजवळ एक यंत्र असतं. त्याची माहिती टेबलावरच्या पडद्यापर्यंत ज्या पेटीतून जाते तिला गेटवे म्हणतात. टोलनाक्यासारखं समजा, सगळ्या गाड्या तिथूनच जाणार. तो नाका बंद पडला तर पडद्याला काही कळणार नाही. म्हणून आम्ही दोन गेटवे ठेवतो. पहिला काम करतो, दुसरा त्याच्याकडे बघत बसलेला असतो. पहिला थांबला की दुसऱ्याने आपणहून काम हातात घ्यायचं. कुणी बटण दाबायचं नाही, कुणाला कळायचंही नाही. चाकणच्या कंपन्यांमधले अपघात आमच्याकडे येतात. ही व्यवस्था नसती तर आम्हाला तो विभाग चालवायची परवानगीच मिळाली नसती. ती मी उभी केली आहे.

चौकशी समितीत तिघे आहेत. अधीक्षक डॉक्टर, मेट्रन आणि मी. दोन्ही गेटवेंच्या नोंदी मीच तपासल्या. त्या दुपारी पहिला गेटवे अडकून आपोआप पुन्हा सुरू झाला होता. असं कधीमधी होतं आणि त्यासाठीच दुसरा असतो. दुसऱ्याच्या नोंदीत पूर्ण वेळ "निरोगी" असं आहे. म्हणजे पडद्याकडे माहिती जात राहिली असणार. तसं मी लिहून दिलं. त्यानंतर समितीचा कल असा झाला, की मोनिका जागेवर नव्हती किंवा तिचं लक्ष नव्हतं. गोजाबाईंनी तर सांगितलं आहे, की ती मान खाली घालून मोबाईल बघत होती.

तीन दिवस आम्ही दोघी एका घरात होतो. भात वाढू का, दूध तापवलं का, याखेरीज बोलणं झालं नाही. चौकशीतल्या माणसाने संबंधित कर्मचाऱ्याशी प्रकरणाबद्दल बोलू नये, असा नियम आहे आणि मी तो पाळला. मला ते जड गेलं नाही असं समजू नका.

तुमच्यावर तो नियम नाही. तिला सहज विचाराल का, त्या वेळी ती नेमकी कुठे होती? रागावू नका. तिने खरं सांगितलं तर शिक्षा कमी व्हावी यासाठी मी बोलू शकेन.

तुमची,
योगिनी

•

औसा
२५ ऑक्टोबर २०२५

चि. योगिनीस,

दिवाळी झाली. अनारसे बिघडले, मोनिकाने केलेले असूनही. उत्तराला उशीर केला, कारण रागात लिहिलेलं पत्र मी दोनदा फाडलं.

तू मला सहज विचारायला सांगितलंस. मला सहज विचारता येत नाही. मी तुझं पत्र तिच्या हातात दिलं. तिने उभ्याउभ्या वाचलं, घडी घालून मला परत दिलं आणि दळण घेऊन गिरणीवर गेली. आल्यावर पीठ चाळता चाळता म्हणाली:

"जागेवर होते. औषधांची नोंद लिहीत होते, म्हणून मान खाली. दर थोड्या वेळाने वर बघत होते. शेवटच्या खोलीचे ठोके अठ्ठ्याहत्तर होते. दर वेळी अठ्ठ्याहत्तरच होते."

मी म्हटलं, मग हे मावशीला का नाही सांगितलंस? तर म्हणाली, मावशीने विचारलं नाही.

आता माझं ऐक. मला तुझे गेटवे कळत नाहीत, शाळा कळते. बोरफळच्या शाळेत आम्ही दोन मास्तर होतो. एक नसला तर दुसऱ्याने दोन्ही वर्ग बघायचे, हा सरकारचा हिशेब. एक दिवस हेडमास्तर तापाने घरी राहिले. त्यांना वाटलं मी आहे. मी हजेरीपटावर सही करून मतदारयाद्यांच्या कामाला गेले होते, कारण आदेशच तसा होता. साहेब तपासणीला आले. हजेरीपटावर मी हजर, अंगाने ठणठणीत. वर्गात पोरं एकमेकांच्या टोप्या फेकत होती. साहेबांनी मला विचारलं, बाई, तुम्ही हजर होता की नव्हता? मी म्हटलं, हजर होते साहेब, फक्त शाळेत नव्हते. ते हसले म्हणून मी वाचले.

तुझा दुसरा गेटवे निरोगी होता म्हणतेस. असेल. माझीही तब्येत त्या दिवशी चांगलीच होती.

माझ्या पोरीने एका माणसाची छाती दाबून त्याला परत आणलं आणि गावभर ती मोबाईलवाली झाली. याचं काय करायचं ते तू ठरव. शिक्षा कमी व्हावी म्हणून बोलू नकोस.

विजयश्रीताई

•

मोशी
५ नोव्हेंबर २०२५

ती. ताईस नमस्कार.

तुमच्या पत्रातल्या दोन गोष्टींनी मला झोपू दिलं नाही. एक, अठ्ठ्याहत्तर. आजारी माणसाचे ठोके इतका वेळ एका आकड्यावर राहत नाहीत. अठ्ठ्याहत्तर, एक्क्याऐंशी, सत्त्याहत्तर असे हलत राहतात. आकडा हलत नसेल तर पडदा जिवंत माहिती दाखवत नव्हता, शेवटची मिळालेली धरून बसला होता. मोनिकाने हे समितीसमोरही सांगितलं होतं, "आकडा ठीक होता" अशा शब्दांत. कोणता आकडा, बदलत होता का, हे आम्ही तिघांपैकी कुणी विचारलं नाही.

दुसरी गोष्ट तुमची शाळा.

मी रोहिदासकडे गेले. रोहिदास आमच्या देखभाल विभागाचा प्रमुख. मोशीचाच. त्यांची शेतं होती तिथे आता इमारती आहेत. भोसरीच्या एका कंपनीत त्याने उमेदीची वर्षं काढली, ती बंद पडल्यावर आमच्याकडे आला. हॉस्पिटलात खंडेनवमीची पूजा त्याने सुरू केली. कंपनीत त्या दिवशी मशीन पुसायची, हळद-कुंकू वाहायचं, हार घालायचा आणि दसऱ्याला नारळ फोडेपर्यंत तिला हात लावायचा नाही, अशी रीत. पूजेला बसलेल्या यंत्राकडून काम करून घेत नाहीत. पण हॉस्पिटलात थांबवता येईल असं यंत्र कुठलं? म्हणून तो दरवर्षी दुसरा गेटवे पूजेला बसवतो. तो रिकामाच असतो ना.

हे मला माहीत होतं, ताई. सगळ्यांना माहीत आहे. अधीक्षक नारळ फोडतात, मेट्रन ओवाळतात. यंदा हार मी घातला आणि पेढे खाऊन आम्ही आपापल्या कामाला गेलो. माझी समजूत होती, की पूजा म्हणजे हळद-कुंकू आणि फोटो.

मी रोहिदासला विचारलं, पूजेच्या वेळी गेटवे बंद करतोस का? तो जरा दुखावला.

"बंद कसा करंल, म्याडम? बंद केला की भोंगा वाजतो. आमी त्याला इस्रांतीवर टाकतो. ते बटन हाय की, दुरुस्तीच्या टायमाला दाबायचं."

"आणि परत कधी उठवतोस?"

"दसऱ्याला. नारळ झाल्यावर. पूजेतनं आधी उठवत न्हाईत."

ते बटण दाबलं की गेटवे चालू राहतो, तपासणीला उत्तर देतो, नोंदीत "निरोगी" लिहितो. पहिला थांबला तरी काम मात्र हातात घेत नाही, कारण आपली दुरुस्ती चालू आहे अशी त्याची समजूत करून दिलेली असते. "तयार" आहे की नाही याची नोंद वेगळ्या पानावर होते. ते पान मी उघडलंच नव्हतं. आज उघडलं. खंडेनवमीच्या सकाळपासून दसऱ्याच्या सकाळपर्यंत दुसरा गेटवे तयार नव्हता. मागच्या वर्षीही नव्हता, त्याच्या मागच्याही वर्षी नव्हता. त्या दिवसांत पहिला अडकला नाही, एवढंच.

रोहिदासला मी हे सांगितलं तेव्हा त्याने हातातला पाना खाली ठेवला. मग म्हणाला, "म्हंजे आता देवाला आरोपी करनार का?" मी म्हटलं, देवाला नाही. तर म्हणाला, "मंग मला." त्यावर मी काही बोलले नाही. आता वाटतं, बोलायला हवं होतं.

सोमवारी समितीपुढे हे सगळं ठेवते. माझं आधीचं निवेदन मागे घेते. मोनिकाला सांगा, तिची काही चूक नव्हती.

योगिनी

•

औसा
१२ नोव्हेंबर २०२५

चि. योगिनीस,

सांगितलं. ती "बरं" म्हणाली. मला वाटलं रडेल किंवा हसेल. तिने विचारलं ते वेगळंच. त्या आजोबांच्या घरी कळलं का, म्हणाली.

त्या दिवशी जिन्यात गोजाबाईंनी तिचा हात धरून विचारलं होतं, "तुज्या घरचा असता तर बगितला असतास ना?" हे तिने मला काल सांगितलं, महिन्याने. तुमच्या समितीचं तिला काही वाटत नाही असं नाही, पण ती बाई तिच्या डोळ्यांपुढून जात नाही.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. रोहिदासवर राग काढावा असं वाटलं, पण जमेना. मी तिथे असते तर मीही पेढा खाल्ला असता.

एक विचारते. तुझे अधीक्षक म्हणाले, की बाई, हे आपसात ठेवा, पोरीला गुपचूप कामावर घेतो, तर काय करशील? मी सरकारी नोकरी केली आहे, साहेब लोक काय म्हणतात ते मला पाठ आहे. उत्तर आधी ठरवून जा.

विजयश्रीताई

•

मोशी
२४ नोव्हेंबर २०२५

ती. ताईस नमस्कार.

ते तसंच म्हणाले. जवळजवळ तुमच्याच शब्दांत.

आधी झालं ते सांगते. समितीला मी तोंडी पटवत बसले नाही. एका रिकाम्या खाटेच्या यंत्राला सरावाचं उपकरण जोडलं, ते माणसासारखे ठोके पाठवतं. विभागातल्या प्रत्येक रुग्णापाशी एकेक परिचारिका उभी केली, दुसरा गेटवे रोहिदासच्याच हाताने विश्रांतीवर टाकला आणि पहिल्याची केबल मी उपटली. मग सरावाच्या उपकरणाचे ठोके शून्यावर आणले. खाटेजवळचं यंत्र ओरडायला लागलं. आम्ही दार लावून टेबलापाशी येऊन बसलो. पडद्यावर शहात्तर होतं. आकडा हलला नाही. शेवटी मेट्रन म्हणाल्या, "पोर हेच बघत होती." आणि चष्मा काढून पुसत बसल्या.

अधीक्षकांनी मसुदा केला: तांत्रिक कारणामुळे घटना घडली, सदर परिचारिकेस कामावर रुजू करून घ्यावे. मी विचारलं, कोणतं तांत्रिक कारण? ते म्हणाले, "मॅडम, लोकांना काय सांगायचं? आम्ही यंत्राला हार घातला म्हणून माणूस जाता जाता राहिला?" मी म्हटलं, झालं तर तसंच आहे. त्यांना माझा राग आला असेल, पण ते वाईट गृहस्थ नाहीत. नारळ स्वतः फोडला होता हे ते विसरले नव्हते. त्यांची भीती खरी होती, आणि रोहिदासची मला वाटणारी काळजीही खरी होती. निवृत्तीला आलेला माणूस आहे.

अखेर वाक्य असं झालं: "रुग्णालयाच्या संमतीने झालेल्या पूजेसाठी पर्यायी गेटवे विश्रांतीवर ठेवला होता, त्यामुळे पडद्यावर जुनी माहिती दिसत राहिली, परिचारिका जागेवर होती आणि तिची चूक नाही." "रुग्णालयाच्या संमतीने" हे शब्द मी घालायला लावले, म्हणजे एकट्या रोहिदासवर येणार नाही. त्यात मी स्वतःलाही वाचवलं का, हे मी स्वतःला विचारलं. थोडं वाचवलं. पण शब्द खरे आहेत.

आता माहिती येणं थांबलं की पडदा काळा होतो. गेटवे नुसता निरोगी असून चालत नाही, तयार नसेल तर टेबलावर लाल दिवा लागतो. दर महिन्याला आम्ही खरी केबल उपटून बघणार. रोहिदास म्हणाला, पुढल्या वर्षी पान्यांची पूजा करू, ते बिचारे कुणाच्या मध्ये येत नाहीत.

शनिवारी मी कोंडाजींच्या घरी गेले. रोहिदास बरोबर आला. त्याची आणि कोंडाजींची भावकी निघाली, त्यामुळे मला ते अधिकच अवघड वाटत होतं. त्यानेच बोलायला सुरुवात केली आणि मध्येच थांबला. उरलेलं मी सांगितलं. मुलगा चिडला. परक्या गावची मुलगी चुकली, हे त्याला सोपं जात होतं. घरातल्याच माणसाचं नाव आल्यावर त्याला काय करावं कळेना. कोंडाजी खाटेवर बसून ऐकत होते. गोजाबाईंनी दोनदा विचारलं, मग ती खाली काय बघत व्हती? मी म्हटलं, तुमच्या मालकांच्या गोळ्या लिहीत होती.

त्या उठून आत गेल्या. परत आल्या तेव्हा म्हणाल्या, "तिला म्हनावं, म्हातारी चुकली. मी साऱ्या आळीला सांगितलं हुतं, आता साऱ्या आळीला परत सांगते."

मोनिकाने एक डिसेंबरला रुजू व्हायचं आहे. पत्र तिच्या नावाने वेगळं येईल. तिची खोली झाडून ठेवली आहे, गादीला ऊन दाखवलं आहे. तिला पांघरूण जाड लागतं ते काढून ठेवलं. कोणत्या बसने येते ते कळवा, मी स्टँडवर येईन.

योगिनी

•

औसा
२७ नोव्हेंबर २०२५

चि. योगिनीस,

पत्र वाचून मी अंबूबाईला बोलावून चहा पाजला. तिला काही समजलं नाही, पण चहा घेतला.

गोजाबाईंचा निरोप मोनिकाला मी तीनदा वाचून दाखवला. तिसऱ्यांदा ती उठून गेली, पण या वेळी मला तिच्या पाठीवरून कळलं की बरं वाटलं आहे.

ती तीस तारखेला निघते. स्टँडवर येऊ नकोस. ती तुझ्याकडे उतरणार नाही. आळंदीला तिच्याबरोबरची एक नर्स राहते, तिच्या खोलीत सोय केली आहे. सामान न्यायला तुझ्याकडे येईल.

कारण मी विचारलं नाही. तूही मला विचारायला लावू नकोस.

तू जे केलंस ते लहान नाही. साहेबासमोर बसून तसं वाक्य लिहून घेणं मला माझ्या नोकरीत जमलं नसतं. हे मी मनापासून लिहिते आहे, म्हणून त्याच्या शेजारी, ती तुझ्याकडे उतरणार नाही, ही वरची ओळ ठेवायला मला जड जातं.

विजयश्रीताई

•

मोशी
९ डिसेंबर २०२५

ती. ताईस नमस्कार.

मोनिका रविवारी आली होती. तुम्ही कारण विचारलं नाहीत, तरी ते तुम्हाला सांगते.

रुजू झाल्यापासून ती हॉस्पिटलात दिसते. बरी आहे. मेट्रननी तिला पुन्हा त्याच टेबलापाशी बसवलं आणि मला वाटतं ते योग्य केलं. कोंडाजी तपासणीला आले होते, तेव्हा गोजाबाई तिच्यासाठी वाटाण्याच्या शेंगा घेऊन आल्या. विभागात खायचं आणायला परवानगी नाही, तर दोघी बाहेर बाकावर बसून सोलत होत्या. काय बोलल्या ते मला माहीत नाही.

रविवारी तिने कपाट रिकामं केलं. मी पोहे केले होते, ते तिने खाल्ले. मी इकडचं तिकडचं बोलत होते: आळंदीहून बसला किती गर्दी असते, खोलीत पाणी किती वाजता येतं. माझ्या लक्षात येत होतं, की मी पुन्हा तेच करते आहे. म्हणून शेवटी विचारलं. म्हटलं, मोना, तू माझ्यावर रागावली आहेस का?

ती बॅगेची चेन लावत होती. म्हणाली, "राग नाही गं मावशी. तू माझ्यासाठी किती केलंस ते आईने सांगितलं. पण तीन दिवस मी त्या खोलीत होते आणि तू या खोलीत. तू यंत्राला विचारलंस, कागदाला विचारलंस, नंतर आईला विचारायला लावलंस. मला एकदा विचारायचं होतंस."

मी म्हटलं, नियम होता. ती म्हणाली, "होता. माहीत आहे मला."

एवढंच. वाद झाला नाही. मी नियमाबद्दल आणखी बोलू शकले असते. नियम चांगला आहे आणि तो का आहे हे मला पटवून देता आलं असतं. पण त्या तीन दिवसांत मला त्या नियमाचा आधार वाटत होता, हे मी स्वतःपासून लपवू शकत नाही. विचारलं असतं तर तिच्या उत्तरावर विश्वास ठेवावा लागला असता, आणि मग माझी उभी केलेली व्यवस्था चुकली असं म्हणावं लागलं असतं. मला ते नको होतं. हे तेव्हा इतकं स्पष्ट दिसलं नाही. आता दिसतं म्हणून लिहिते.

मी तिला खाली रिक्षापर्यंत सोडायला गेले. मोठी बॅग मी उचलली, लहान तिने. रिक्षात बसल्यावर म्हणाली, उद्या तिची सकाळची शिफ्ट आहे.

मी विचारलं, "डबा आणू का तुझ्यासाठी?"

तिने लहान बॅग मांडीवर घेतली.

"विचारलंस ते बरं केलंस," ती म्हणाली. "पण नको."

रिक्षा गेली. वर येऊन मी तिची खोली पुन्हा झाडली आणि दार उघडंच ठेवलं आहे.

योगिनी